वाचकांचे प्रश्न : घावनांची चळत आणि पारसिकचा डोंगर

प्रश्न : माझा मुलगा सहावीत आहे. खडकांचे तीन प्रकार त्याला खाण्याच्या पदार्थांतून समजावेत म्हणून आम्ही चॉकलेटचा प्रयोग करून पाहिला. किसलेले चॉकलेट दाबले की स्तरित खडक, तेच हाताच्या उबेवर दाबले की रूपांतरित आणि वितळवून गार केले की अग्निजन्य, असा त्याचा क्रम होता. मात्र एप्रिलच्या उकाड्यात दुसऱ्याच पायरीला चॉकलेट बोटांवरून ओघळू लागले आणि मुलगा म्हणाला, ‘‘आई, मग हा अग्निजन्यच झाला की!’’ त्याला काय उत्तर द्यावे? आपल्या हवेत जमतील असे दुसरे पदार्थ सुचवाल का?
— एक वाचक, ऐरोली

उत्तर : आपल्या मुलाचे म्हणणे अगदी बरोबर आहे, आणि ते त्याला तसेच सांगावे. खडक उष्णतेने आणि दाबाने आतून बदलतो, पण वितळत नाही, तेव्हाच त्याला रूपांतरित म्हणतात. वितळला की तो शिलारस झाला आणि त्यापासून पुढे जे घडेल ते अग्निजन्य. चॉकलेटमधले कोकोचे लोणी साधारण ३४ अंश सेल्सिअसला वितळते आणि आपला तळहातही जवळपास तितकाच गरम असतो. त्यामुळे ‘मऊ झाले पण वितळले नाही’ ही अवस्था थंड हवेत कशीबशी साधते, ऐरोलीच्या उन्हाळ्यात साधत नाही.

या पायरीसाठी अळूवडीइतका चोख पदार्थ मला दुसरा सापडलेला नाही. पानाला बेसनाचे सारण लावून, पानावर पान रचून गुंडाळी करताना थर दाबले जातात आणि वळतात. उंडा उकडला की बेसनाचा रंग, चव आणि घट्टपणा पार बदलतो, पण कुठेही काही वितळत नाही. उकडलेला उंडा कापून चकतीवरच्या हिरव्या-पिवळ्या वळ्या मुलाला बोटाने मोजायला लावाव्यात. नाइस नावाच्या रूपांतरित खडकात अशाच वळलेल्या पट्ट्या दिसतात. त्या घडायला शेकडो अंशांची उष्णता आणि कित्येक किलोमीटर जाडीच्या खडकांचा भार लागतो, हेही त्याच वेळी सांगून टाकावे.

स्तरित खडकासाठी बहुतेक जण चिक्की दाखवतात, आणि तिथेच गफलत होते. चिक्की दिसते गोट्यांच्या खडकासारखी, पण तिच्यातला गूळ वितळून मग थिजलेला असतो. वाळूचा खडक तसा होत नाही. क्षार विरघळलेले पाणी वाळूच्या कणांमधून झिरपते, क्षार मागे राहतात आणि कण एकमेकांना धरून ठेवतात. हे पाहायचे असेल तर पाकातले रव्याचे लाडू करावेत. रवा ही वाळू, बेदाणे हे गोटे आणि साखर विरघळलेले पाणी म्हणजे पाक. मिश्रण आधी सैल असते, तासा-दोन तासांनी पाक मुरतो आणि मग लाडू वळता येतो. दर अर्ध्या तासाने चिमूटभर मिश्रण मुठीत दाबून पाहण्याचे काम मुलाकडे द्यावे; मूठ केव्हा बसू लागली, याची वेळ त्यानेच वहीत लिहावी.

आता अग्निजन्य खडक. तो तर आपल्या दारातच आहे, म्हणून इथे थोडे रेंगाळतो. ठाणे-बेलापूर रस्त्याने जाताना पूर्वेला दिसणारा पारसिकचा डोंगर बेसाल्टचा, म्हणजे आपल्या काळ्या पाषाणाचा आहे. सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वीच्या काळात जमिनीच्या भेगांतून लाव्हा पुन्हा पुन्हा बाहेर येऊन पसरला आणि त्यातून दख्खनचे पठार घडले; आजही त्याचा विस्तार सुमारे ५ लाख चौरस किलोमीटर भरतो. मुलाला हे डोंगराच्या कड्यावर दाखवले, तर तो थर पाहून हमखास ‘स्तरित’ म्हणेल. त्याला दोष देऊ नये, मोठी माणसेही तसेच म्हणतात.

या चुकीवर उतारा म्हणून नाचणी आणि तांदळाच्या पिठाची घावने करावीत. पातळ पीठ तापल्या तव्यावर ओतले की पसरते, त्यातली वाफ बुडबुड्यांनी वर येते आणि वरच्या अंगाला जाळी पडते. लाव्ह्यातले वायूही असेच वर चढतात, म्हणून लाव्ह्याच्या थरात माथ्याकडे भोके जास्त आढळतात. चार-पाच घावने एकावर एक रचून चळत सुरीने उभी कापावी. थर स्पष्ट दिसतील, पण त्यातला प्रत्येक थर गाळ साचून झालेला नसून ओतून घट्ट झालेला आहे, हे मुलाने स्वतः तव्यापाशी पाहिलेले असेल. खाताना एका घावनावर नारळाचे दाट दूध ओतावे. काळसर घावनाच्या भोकांत पांढरे दूध साचते, तशीच बेसाल्टच्या पोकळ्यांत पुढे पाण्यावाटे आलेली पांढरी खनिजे भरतात. रस्त्याच्या कामावरच्या खडीच्या ढिगात असे पांढरे ठिपके असलेला दगड शोधायला फार वेळ लागत नाही.

शिलारस सावकाश निवाला तर स्फटिक मोठे होतात, झटकन निवाला तर बारीक राहतात किंवा काच तयार होते. यासाठी साखर पुरते. वितळलेली साखर तूप लावलेल्या ताटलीत ओतली की काही मिनिटांत काचेसारखी होते. दाट पाकात दोरा सोडून भांडे आठवडाभर न हलवता ठेवले की खडीसाखर धरते. खडीसाखर द्रावणातून बनते, शिलारसातून नव्हे, एवढा फरक सांगावा. साखर वितळवण्याचे काम मात्र मोठ्यांनीच करावे, कारण ती दीडशे अंशांच्या पुढे तापते आणि कातडीला चिकटून भाजते.

हे सगळे झाल्यावर घरातच एक फेरी मारावी. पाटा-वरवंटा बहुधा बेसाल्टचा असतो, कडप्पा आणि शहाबादी फरशी हे चुनखडक म्हणून स्तरित, आणि देव्हाऱ्याचा संगमरवर चुनखडकाचेच रूपांतर होऊन झालेला. उपवासाचे सैंधव तर खराखुरा खाण्याजोगा स्तरित खडक आहे. प्राचीन समुद्राचे पाणी आटून ते मागे राहिले, आपल्या खाडीकाठच्या मिठागरांत मीठ राहते तसेच.

प्रश्न : घोडबंदर रस्त्यावरील आमच्या सोसायटीत सुट्टीत पंधरा-वीस मुलांसाठी असाच उपक्रम घ्यायचा आहे. सभागृहात गॅस पेटवता येत नाही आणि एका मुलाला शेंगदाणे चालत नाहीत. काय करता येईल?
— एक वाचक, ठाणे

उत्तर : गॅस नसला तरी थरांचा भाग पूर्ण होतो. पारदर्शक पेल्यात पातळ पोहे, लाह्या आणि खजुराचे बारीक तुकडे एकापाठोपाठ एक घालून प्रत्येक थर वाटीच्या बुडाने दाबावा आणि ‘सर्वांत जुना थर कोणता?’ असे विचारावे. घावने आणि उकडलेला अळूवडीचा उंडा कोणाच्या तरी घरून आणून फक्त कापणे सर्वांसमोर करावे. शेंगदाणे, दाण्याचे कूट आणि शेंगदाणा तेल सगळ्याच पदार्थांतून वगळावे; त्या मुलासाठी वेगळे ताट ठेवल्याने भागत नाही, कारण हात आणि सुऱ्या सगळीकडे फिरतात. खरे दगड दाखवणार असाल तर ते खाण्याच्या टेबलापासून दूर, दुसऱ्या टेबलावर मांडावेत आणि तो भाग खाणे आटोपल्यावरच घ्यावा.