शॉकअप बदलले, एक्सल सरकला आणि गॅरेजने गाडीच अडवली

प्रश्न: निफाड तालुक्यातला शेतकरी आहे. २०१२ सालची पिकअप स्वतःच चालवतो. घरचा आणि शेजाऱ्यांचा माल बाजार समितीत नेतो, पोट त्यावरच. गॅरेजमध्ये चारही शॉकअप, पाट्यांचे (लीफ स्प्रिंगचे) रबरी बुश आणि मागचे यू-बोल्ट बदलले. बिल ३८,६००, पैकी २०,००० दिले, गाडी घरी आणली. तीन आठवड्यांत मागचा एक शॉकअप गळायला लागला, सेंटर बोल्ट तुटून मागचा एक्सल सरकला, टायर घासला. टोचन करून त्याच गॅरेजला नेली. मालक म्हणतो, तुम्ही ओव्हरलोड केलं. आधीची बाकी १८,६०० आणि रोजचे २०० रुपये पार्किंग भरा, तोवर गाडीला हात लावणार नाही आणि सोडणारही नाही. पासिंग (फिटनेस प्रमाणपत्र) महिन्याभरात संपतंय.

उत्तर: तुमची भांडणं दोन आहेत: गाडीचा ताबा आणि खराब काम. पहिल्यात कायदा बराचसा तुमच्या बाजूने आहे. दुसऱ्याचा निकाल बोल्ट काय सांगतात त्यावर लागेल.

भारतीय करार कायद्याच्या कलम १७० नुसार कारागिराला आपल्या मजुरीपोटी दुरुस्त केलेली वस्तू अडवता येते. पण हा हक्क ताब्यावर उभा असतो. पहिल्या कामाची बाकी असताना त्याने गाडी तुमच्या हवाली केली, तेव्हाच त्या बाकीपुरता तो संपला. गाडी परत आली म्हणून तो परत येत नाही. जुन्या येण्यापोटी हाती आलेली कोणतीही वस्तू अडवण्याचा सर्वसाधारण हक्क कलम १७१ बँका, अडते वगैरे मोजक्यांनाच देतं. गॅरेजवाला त्यात नाही. आता नवीन काम तर झालेलंच नाही. पार्किंगचा दरही ठरलेला नसेल, तर स्वतःच गाडी अडवून तिचं भाडं मागता येत नाही. फक्त जॉबकार्डावर, म्हणजे गाडी कामाला देताना गॅरेज भरून घेतं त्या कागदावर, तुमच्या सहीच्या वर तशी अट छापलेली नाही ना, ते आजच बघा. अट असेल तर हा मुद्दा बराच लंगडा पडतो.

बाकी मात्र बुडत नाही. ती वसूल करायचा त्याला हक्क आहे आणि काम खराब होतं म्हणून ती कमी करून मागायचा तुम्हाला.

एवढं सांगणारी नोटीस स्पीड पोस्टाने पाठवा, सात दिवसांची मुदत द्या. पोलिसांत फसवणुकीची तक्रार द्यायचा मोह होईल. बहुधा ‘हे दिवाणी आहे’ म्हणून परत पाठवतील आणि आठवडा जाईल. सात दिवसांत गाडी नाहीच मिळाली आणि हंगाम तोंडावर असेल, तर १८,६०० बँकेमार्फत भरा आणि त्याच दिवशी लेखी कळवा की रक्कम वादातली आहे, हक्क राखून भरली आहे. हे पत्र नसेल तर ‘काम पसंत पडलं म्हणून पैसे दिले’ असं तो म्हणेल.

आता खरं महत्त्वाचं. दुसऱ्या मिस्त्रीने पाना लावण्याआधी पुरावा बांधा. एकदा नट सुटला की केस सुटली. विम्याची कामं करणारा परवानाधारक मोटर सर्व्हेअर बोलवा आणि तपासणीची तारीख गॅरेजला आधी लेखी कळवा. सेंटर बोल्ट पाटे आणि एक्सल जागेवर ठेवतो. पकड यू-बोल्टची असते. ती ढिली पडली की सगळा मार सेंटर बोल्टवर येतो आणि तो तुटतो. म्हणून यू-बोल्टचा प्रत्येक नट किती घट्ट आहे ते टॉर्क पान्याने मोजून घ्या. यू-बोल्ट खरंच नवे आहेत की जुनेच रंग मारून बसवलेत, आणि पाट्याखालच्या बैठकीवर घासून चमकलेल्या खुणा आहेत का, याचे फोटो काढा. दोन्ही बाजूंनी पुढच्या चाकाच्या मध्यापासून मागच्या चाकाच्या मध्यापर्यंत टेप लावा. फरक म्हणजे एक्सल किती सरकला ते. नवे यू-बोल्ट माल भरून काही शे किलोमीटर चालले की पुन्हा आवळावे लागतात. हे तुम्हाला सांगितलं होतं का, ते ग्राहक आयोगाच्या अर्जात लिहा.

शॉकअपवर तेलाचा पातळ ओलसर थर असेल तर ती गळती नव्हे. थेंब पडत असतील तरच बोला. नळीवरचा पार्ट नंबर आणि बिलावरचा नंबर जुळतो का पाहा. बुशचं रबर इतक्यात पिळून फाटलं असेल, तर गाडी जॅकवर, एक्सल लोंबकळत असतानाच बोल्ट आवळल्याचा संशय घ्यायला जागा आहे. तो आवळायचा असतो गाडीचं वजन चाकांवर असताना.

तुमची कच्ची बाजूही पाहून ठेवा. ‘गाडी मागून बसते’ ही तक्रार शॉकअपवर लादू नका. वजन पाटे पेलतात. मुख्य पाटाच तुटलेला निघाला तर ओव्हरलोडच्या आरोपात जोर येईल. त्या तीन आठवड्यांच्या वजनकाट्याच्या पावत्या जमवा आणि आरसी बुकातल्या एकूण वजनाशी ताडून पाहा. खोटं मात्र लिहू नका.

तक्रार जिल्हा ग्राहक आयोगात, म्हणजे नाशिकला. कामाचे दिलेले पैसे पाच लाखांपर्यंत असतील तर फी नाही, मुदत दोन वर्षांची, अर्ज ई-जागृती पोर्टलवरूनही होतो. ‘गाडी धंद्याची, म्हणून ग्राहक नाही’ असा आक्षेप नक्की येईल. स्वतः राबून उपजीविकेसाठी वापरलेली गाडी २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यातही व्यापारी हेतूत धरत नाहीत, आणि स्वतः ट्रक चालवणाऱ्याचं उदाहरण सर्वोच्च न्यायालयाने १९९५ च्या लक्ष्मी इंजिनिअरिंग निकालातच दिलं आहे. पगारी ड्रायव्हर असता तर उत्तर बदललं असतं. गाडी तोवरही अडकलेली असेल तर त्याच कायद्याच्या कलम ३८(८) खाली अंतरिम आदेश मागा. भरपाईत टोचन, टायर आणि बदली गाडीचं भाडं पावत्यांसह मागा. ‘मानसिक त्रास पाच लाख’ लिहिलं की बाकीचे आकडेही हलके होतात.

आठ वर्षांवरच्या गाडीचं पासिंग दरवर्षी असतं. ते संपल्यावर गाडी चालवत बाहेर काढू नका, ट्रेलरवर न्या. आणि एक्सल सरकलेला आहे हे माहीत असताना आज पासिंग असूनही ती रस्त्यावर आणू नका. मोटार वाहन कायद्याच्या कलम १९० मध्ये दोष माहीत असलेला चालकच आधी सापडतो.