खोकताना किंवा हसताना ओटीपोटात का दुखतं?

खोकला, हसू, शिंक आली की पोटातला दाब एकदम वाढतो, आणि जिथे आधीच दुखावलेलं असतं तिथे कळ येते. आठवडाभर खोकला झाला असेल तर बहुधा पोटाचे स्नायूच दुखावलेत. दाबलं, उठून बसलं तरी दुखतं, विश्रांतीने उतरतं.

पण आधी उभं राहून खोका आणि जांघेत हात लावून बघा. फुगवटा येतो, आडवं झाल्यावर आत जातो? मग हर्निया असू शकतो, म्हणजे पोटाच्या भिंतीतल्या कमजोर जागेतून आतला भाग बाहेर डोकावतो. (लाजून लोक हे वर्षानुवर्षं लपवतात!) सिझेरियनच्या टाक्यांजवळही होतो. फुगवटा कडक होऊन आत जाईना, उलट्या सुरू झाल्या, तर तडक हॉस्पिटल गाठा.

बेंबीजवळून उजवीकडे खाली सरकलेलं दुखणं, सोबत ताप, मळमळ: अपेंडिक्सची शंका. त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा. बायकांमध्ये अंडाशयातली गाठही कारण असते, सोनोग्राफीत कळते.