हप्ता नको, खिशातून किती जाईल ते बघा

भाऊ, आरोग्य विमा घेताना एजंट हप्ता सांगतो. तुम्ही आजारपणात पदरचे किती जातील ते विचारा. सगळ्यात मोठा फटका बसतो खोलीभाड्याच्या मर्यादेचा. समजा पॉलिसीत रोजचे 3,000 आहेत आणि नागपूरच्या दवाखान्यात तुम्ही 6,000ची खोली घेतली. मग बऱ्याच पॉलिसींत फक्त भाड्यातला फरक जात नाही. डॉक्टरची फी, ऑपरेशन थिएटरचा खर्चही निम्माच मिळतो. भरती होतानाच मर्यादेतली खोली मागा. घरच्यांनाही आधीच सांगून ठेवा, कारण ऐनवेळी सही तेच करतात.

को-पे, म्हणजे मंजूर बिलातला तुमचा ठरलेला वाटा, 20 टक्के असेल तर लाखाच्या मंजूर बिलात 20,000 तुमचे. आणि आईची शुगर लपवू नका, कोणी कितीही म्हणो! पॉलिसी घेतल्यावर जुन्या आजाराचा खर्च मिळायला जास्तीत जास्त 3 वर्षं थांबावं लागतं. लपवलं तर दावाच नाकारू शकतात.

नूतनीकरणाची तारीख कापूस-सोयाबीन विकल्यानंतरची येईल असं पाहा. जूनमध्ये पेरणीच्या तोंडावर हप्ता फार जड जातो.

पण या सगळ्याआधी महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेची चौकशी करा. कुटुंबाला वर्षाला 5 लाखांपर्यंतचं संरक्षण आहे, हप्ता भरावा लागत नाही. फक्त दवाखाना योजनेतला हवा.