क्लाउड लोड बॅलन्सर आयपीवरून डोमेन नावावर नेताना काय काय बदलावं लागतं?

तुमचा प्रश्न असा आहे: नाशिकमधल्या अंबड आणि सातपूरच्या कारखान्यांना तुम्ही हजेरीचं पोर्टल देता. क्लाउड कंपनीने कळवलंय की लोड बॅलन्सरला (येणाऱ्या विनंत्या अनेक सर्व्हरमध्ये वाटून देणारी यंत्रणा) यापुढे कायमचा आयपी (इंटरनेटवरचा आकडी पत्ता) नसेल, फक्त डोमेन नाव असेल. तर डीएनएसमधला, म्हणजे नावावरून आयपी सांगणाऱ्या यंत्रणेतला, रेकॉर्ड बदलला की काम झालं का?

नाही. रेकॉर्ड बदलायला पाच मिनिटं लागतात. खरं काम जुना आयपी कुठे कुठे लिहून ठेवलाय ते शोधण्याचं आहे, आणि तुमच्या बाबतीत तो बहुतेक हजेरीच्या मशीनमध्येच सापडेल.

पाळी बदलताना सगळीकडून एकदम पंच येतात. लोड वाढला की बॅलन्सर नवे नोड (जादा सर्व्हर) उभे करतो आणि त्यांचे आयपी वेगळे असतात. ॲमेझॉनचा ॲप्लिकेशन लोड बॅलन्सर पहिल्यापासून असाच चालतो. त्याच्या नावाचा टीटीएल, म्हणजे मिळालेला आयपी लक्षात ठेवायची मुदत, फक्त ६० सेकंद असतो. म्हणून आज डिग या कमांडने शोधून मिळालेला आयपी कुठेही टाकू नका. तो आठवडाभर चालेलही, पण एक दिवस बंद पडेल.

मशीनपासून सुरुवात करा. बऱ्याच बायोमेट्रिक मशीनच्या सर्व्हर सेटिंगमध्ये आयपीऐवजी डोमेन नाव वापरायचा पर्याय असतो. तिथे बॅलन्सरचं लांबलचक नाव भरू नका, स्वतःचं सबडोमेन (मुख्य डोमेनच्या आधी शब्द जोडून केलेलं नाव) भरा; पुढच्या वेळी एकाही कारखान्यात माणूस पाठवावा लागणार नाही. मशीनला लॅनवर (कारखान्याच्या आतल्या नेटवर्कवर) हाताने ठरवलेला स्टॅटिक आयपी दिलेला असेल तर डीएनएस सर्व्हरची जागा बहुधा रिकामी असते. ती भरली नाही तर नाव सापडतच नाही. शिवाय अशी मशीन पंच स्वतःकडे साठवून ठेवतात, त्यामुळे गेटवर कुणाला काही कळत नाही आणि ओरड थेट पगाराच्या वेळी होते.

कारखान्याच्या फायरवॉलमध्येही तुमचा आयपी मोकळा केलेला असू शकतो. फोर्टिगेट किंवा सोफोसवर आयपीऐवजी एफक्यूडीएन (पूर्ण डोमेन नाव) टाकता येतं. मात्र फायरवॉल आणि मशीन दोघांनी एकच डीएनएस सर्व्हर वापरायला हवा, नाहीतर दोघांना वेगवेगळे आयपी मिळतात आणि कनेक्शन मधूनच अडतं. ज्या जुन्या मशीनला नाव चालतच नाही, त्यांच्यासाठी स्थिर आयपीची वेगळी वाट ठेवा. ॲमेझॉनवर नेटवर्क लोड बॅलन्सरला इलास्टिक आयपी (न बदलणारा आयपी) देऊन त्याच्यामागे ॲप्लिकेशन लोड बॅलन्सर लावता येतो.

आता डीएनएस. पोर्टल सबडोमेनवर असेल तर ए रेकॉर्ड (नावाला थेट आयपी जोडणारा) काढून सीनेम (नावाला दुसरं नाव जोडणारा) टाका. पोर्टल मुख्य डोमेनवरच असेल तर सीनेम टाकू नका. ज्या नावाला सीनेम आहे त्याला दुसरा कोणताही रेकॉर्ड चालत नाही, हा १९८७ च्या आरएफसी १०३४ मधला नियम आहे, आणि मुख्य डोमेनवर एनएस, एसओए हे डोमेनचे मूळ रेकॉर्ड असतातच. एखादं पॅनेल ते निमूट स्वीकारतं आणि मग एमएक्स हा मेलचा रेकॉर्ड झाकला जाऊन कंपनीचे मेल येईनासे होतात. ॲमेझॉनच्या रूट ५३ या डीएनएस सेवेत यासाठी एलियस रेकॉर्ड आहे, क्लाउडफ्लेअर सीनेम फ्लॅटनिंग करतं (सीनेमऐवजी थेट आयपी देतं). दोन्ही नसेल तर पोर्टल सबडोमेनवर हलवून मुख्य डोमेनवरून रीडायरेक्ट द्या.

बदलाच्या आधी जुन्या रेकॉर्डचा टीटीएल ३०० सेकंद करा. तो ८६४०० असेल तर पूर्ण २४ तास थांबा, कारण आधीच कॅशमध्ये गेलेली नोंद जुन्याच मुदतीने जगते. दरम्यान कर्ल या कमांडच्या कनेक्ट-टू पर्यायाने तुमच्याच डोमेनची विनंती नव्या बॅलन्सरकडे वळवून तपासा. सर्टिफिकेट तुमच्या डोमेनचंच लागतं, बॅलन्सरच्या नावाचं घ्यायची गरज नाही.

सगळ्यात फसवा प्रकार एन्जिनएक्स या वेब सर्व्हरचा. तुमच्या एखाद्या सर्व्हरवरचा एन्जिनएक्स या बॅलन्सरकडे प्रॉक्सी करत (विनंत्या पुढे पाठवत) असेल, तर तो नावाचा आयपी सुरू होताना एकदाच शोधतो. काही दिवस सगळं ठीक चालतं, मग अचानक ५०४ (वेळेत उत्तर न आल्याच्या चुका) येऊ लागतात. रीस्टार्ट केलं की बरं होतं, म्हणून दोष सर्व्हरच्या माथी जातो. उपाय असा: रिझॉल्व्हर (डीएनएस सर्व्हरचा पत्ता) द्या आणि प्रॉक्सी पासमध्ये नाव व्हेरिएबलमधून घ्या. एन्जिनएक्स १.२७.३ पासून मोफत आवृत्तीतही अपस्ट्रीममध्ये (पुढच्या सर्व्हरच्या यादीत) रिझॉल्व्ह चालतं, त्यासोबत शेअर्ड झोन (सामायिक मेमरी) मात्र द्यावा लागतो. जावाच्या सर्व्हिसेस असतील तर नेटवर्क ॲड्रेस कॅशचा टीटीएल तपासा. जावाच्या जुन्या आवृत्तीत सिक्युरिटी मॅनेजर चालू असेल तर जावा एकदा मिळालेला आयपी कायम धरून ठेवतं.

जागच्या जागी अपग्रेड करू नका असं मी सांगेन. नवा बॅलन्सर शेजारी उभा करा, जुना चालू ठेवा आणि त्याचा ॲक्सेस लॉग रोज बघा. अजून कोण जुन्या पत्त्यावर येतंय ते कारखान्याच्या आयपीवरून कळतं. निदान एक पूर्ण पगाराचा महिना जाऊ द्या आणि लॉग रिकामा झाल्यावरच जुना सोडा. सोडलेला आयपी क्लाउड कंपनी दुसऱ्या ग्राहकाला देते, आणि मागे राहिलेलं मशीन कामगारांची हजेरी त्या अनोळखी सर्व्हरकडे पाठवत राहतं.