धाक पोलिसाचा की काळजी आज्जीची?

प्रश्न : २०२० ला लॉकडाऊन लागला तसा माझा मुलगा पुण्याहून परभणीला आला, वय २१. एरवी आमचं एक ऐकत नाही, पण कोरोनात सगळे नियम पाळले. तरण्या पोरांना तर धोका कमी होता ना, मग असं का? – एक आई, परभणी

उत्तर : ताई, धोका कमी होता हे त्यालाही माहीत होतं, पण घरात आज्जी होती ना! कोरोनाचं अवघड हेच होतं की लक्षण काहीच नसताना पण माणूस दुसऱ्याला देऊ शकायचा, आणि साठीच्या पुढच्यांना, शुगर-बीपीवाल्यांना तो जास्त जड जायचा. हे एकदा डोक्यात बसलं की पोरं दंडुक्याच्या धाकानं नाही तर घरच्यांच्या काळजीनं वागतात, असं मला मनापासून वाटतं.

माझा भाचा बाहेरून आला की अंगणातच कपडे बादलीत भिजवायचा, नळाखाली आंघोळ करायचा आणि मगच उंबरा ओलांडायचा, आज्जीला चहा पण दारातूनच, कप खाली ठेवून मागं सरकायचा. कुणी सांगितलं नव्हतं त्याला.

दोस्तांचं पण असतं बरं का, कट्ट्यावरच्या चौघांनी मास्क लावला की पाचवा आपोआप लावतो, आणि चौघांनी काढला की तो पण काढतो. १ मे २०२१ पासून १८ च्या पुढच्यांना लस खुली झाली तेव्हा स्लॉटसाठी मोबाईल धरून बसलेली हीच पोरं होती.

त्याला एकदा तुम्हीच विचारा ना, आणि शाबासकी द्या, राहिली असेल द्यायची.