ओथोचं ब्राँझचं नाणं

प्रश्न : १६व्या-१७व्या शतकातले युरोपातले संग्राहक रोमन सम्राट ओथोच्या ब्राँझच्या नाण्यासाठी एवढे का धडपडत?

उत्तर : ओथो गादीवर आला इ.स. ६९च्या जानेवारीत आणि एप्रिलमध्ये त्यानं स्वतःच जीव दिला. तेवढ्यात रोमच्या टांकसाळीतून त्याची सोन्याचांदीची नाणी निघाली, ब्राँझची नाहीत. (सीरियातल्या अंतियोक शहरात पाडलेली आहेत, पण ती प्रांतातली, रोमची नव्हेत.) प्रत्येक सम्राटाचं ब्राँझचं नाणं जमवणाऱ्या संग्राहकांची मालिका तिथेच अडायची. ती उणीव इटलीतल्या पाडुआच्या जोव्हानी दा काव्हिनो या कारागिरानं जुन्या धाटणीची सुबक नाणी पाडून भरली. त्याचे नाणी पाडायचे अनेक ठसे पॅरिसच्या राष्ट्रीय ग्रंथालयात आहेत.

माझा जीव मात्र ओथोच्या दिनारियसवर, म्हणजे चांदीच्या रोमन नाण्यावर. कपाळावर ओळीनं बसवलेल्या कुरळ्या बटा बघा. रोमन चरित्रकार स्वेटोनियस लिहितो, ओथो केसांचा टोप वापरायचा. मागे अक्षरं ‘सिक्युरिटास’, म्हणजे सुरक्षितता. तीन महिन्यांच्या राजाच्या नाण्यावर हे वाचताना दरवेळी गलबलतं.