वाचकांचे प्रश्न : नटाच्या ट्रंकांमधले कागद

प्रश्न : माझे वडील व्यावसायिक रंगभूमीवर दुय्यम भूमिका करणारे नट होते. त्यांची उमेदीची वर्षे नाट्यसंस्थांच्या दौऱ्यांत गेली. उतारवयात ते अमळनेरला परतले आणि हौशी मंडळींची नाटके बसवू लागले. त्यांच्या मागे दोन लोखंडी ट्रंका भरून कागद राहिले आहेत : नकला (नटाच्या भूमिकेपुरते उतरवलेले संवाद), संहिता, प्रयोगांच्या डायऱ्या, हिशेबाच्या वह्या, पत्रे, हँडबिले, छायाचित्रे आणि काही कॅसेट. घरच्यांच्या मते निवडक फोटो लॅमिनेट करून घ्यावेत, मानपत्रे भिंतीवर लावावीत आणि बाकीचे रद्दीत द्यावे. काय ठेवावे, कोठे द्यावे आणि पत्रे छापता येतील काय? — एक वाचक, अमळनेर

उत्तर : आपल्या घरच्यांनी केलेली निवड नेमकी उलटी आहे, असे नम्रपणे सांगावेसे वाटते. मानपत्रावरून एवढेच कळते की, कोणे एके दिवशी त्यांचा सत्कार झाला, आणि मानपत्रांची भाषा सगळीकडे सारखीच असते. डायरी आणि हिशेबाची वही मात्र नाटकाचा धंदा कसा चालत होता ते सांगतात : एका प्रयोगाची ‘नाइट’ म्हणजे मानधन किती होते, उचल कधी घेतली आणि कशी फेडली, कोणत्या गावचा प्रयोग पावसाने बुडाला, मुक्काम कोठे पडला. 1843 साली सांगलीत विष्णुदास भावे यांनी केलेल्या प्रयोगापासून किर्लोस्कर आणि गंधर्व नाटक मंडळ्यांपर्यंतचा इतिहास आपल्याला मुख्यतः मालक, नाटककार आणि नामवंत नटांच्या बाजूने ठाऊक आहे. तिसऱ्या-चौथ्या क्रमांकाच्या नटाच्या बाजूने तो फारसा लिहिला गेलेला नाही, कारण असे कागद बहुधा रद्दीतच गेले. शिवाय या डायऱ्यांतून खानदेशचा नकाशाही हाती लागेल. भुसावळ, जळगाव, पाचोरा आणि चाळीसगाव ही गावे मुंबईच्या मुख्य रेल्वेमार्गावर, धुळ्याला चाळीसगावहून निघालेला फाटा, आणि आपले अमळनेर सुरतेच्या मार्गावर. कोणत्या मार्गावरच्या गावांत नाटक पोहोचले आणि कोठे ते पोहोचलेच नाही, हे प्रयोगांच्या तारखा मांडल्या की दिसू लागते.

नकलांविषयी थोडे अधिक सांगणे आवश्यक आहे. नटाच्या नकलेत त्याची स्वतःची वाक्ये आणि त्याआधीच्या पात्राच्या वाक्याचे शेवटचे शब्द एवढेच उतरवलेले असल्यामुळे ती अपुरी वाटते आणि छापील पुस्तक मिळत असताना ती कशाला ठेवायची, असा प्रश्न पडतो. परंतु छापील नाटक आणि प्रत्यक्षात झालेले नाटक यांत बरेच अंतर असते. पेन्सिलीने खोडलेली वाक्ये, समासात लिहिलेल्या हालचाली, टाळी हमखास पडणाऱ्या जागेवरची खूण, दौऱ्यात नट बदलल्यामुळे फिरवलेले संवाद हे सारे केवळ नकलेतच सापडते. ट्रंकेत संहितांना मंजुरी देणाऱ्या रंगभूमी प्रयोग परिनिरीक्षण मंडळाचा शिक्का असलेली संहिता असल्यास ती त्याच नाटकाच्या नकलेशेजारी ठेवावी, म्हणजे मंजूर काय झाले आणि बोलले काय गेले, हे दोन्ही ताडून पाहता येईल. हौशी प्रयोगांच्या कागदांत अहिराणी संवाद आढळले, तर ते मुळीच टाकून देऊ नयेत. ती बोली रंगमंचावर कशी बोलली गेली, याचा लेखी पुरावा सहजासहजी मिळत नाही.

कागदांची विषयवार वर्गवारी लगेच करू नये. वडिलांनी जे पुडके जसे बांधले, त्या क्रमालाही अर्थ असतो. एखादे पत्र एखाद्या डायरीतच का ठेवले होते, हे पुडके सुटल्यावर सांगता येत नाही. आधी ट्रंकेचे आतून फोटो काढावेत, पुडक्यांना क्रमांक द्यावेत आणि साधी यादी करावी. छायाचित्रांतील माणसे ओळखू शकणारे सहकलावंत हयात असतील, तर त्यांची भेट सर्वांत आधी घ्यावी आणि नावे फोटोच्या मागे, कडेला, मऊ पेन्सिलीने हलक्या हाताने लिहावीत. लॅमिनेशन अजिबात करू नये. उष्णतेने चिकटलेले प्लॅस्टिक मूळ कागदाला इजा न होता पुन्हा निघत नाही. चिकटपट्टी लावू नये आणि गंजलेल्या टाचण्या काढून टाकाव्यात. उन्हाळ्यात पारा चाळिशीपार जाणाऱ्या आपल्या भागात पत्र्याखालचा माळा ही कागदांसाठी सर्वांत वाईट जागा होय. ट्रंका आतल्या खोलीत, जमिनीपासून उंचावर असाव्यात.

पत्रांच्या बाबतीत कागद आपल्या मालकीचा असला, तरी मजकुराचा हक्क लिहिणाऱ्याचा असतो. 1957 च्या कॉपीराइट कायद्यानुसार हा हक्क सर्वसाधारणपणे लेखकाच्या मृत्यूनंतर 60 वर्षे टिकतो आणि हयातीत अप्रकाशित राहिलेल्या मजकुराला त्याहूनही अधिक काळ संरक्षण मिळू शकते, म्हणून पत्रे छापण्यापूर्वी ती लिहिणाऱ्यांची किंवा त्यांच्या वारसांची लेखी परवानगी घ्यावी. संस्थेच्या संग्रहात मूळ पत्रे देण्यास मात्र अशा परवानगीची गरज नाही. नाटकवाल्यांच्या पत्रव्यवहारात उधारीचा उल्लेख नसलेले पत्र विरळाच. त्यातील एखाद्या मजकुराने कोणी दुखावेल असे वाटल्यास ते पत्र जाळू नये, ठरावीक मुदतीपर्यंत बंद ठेवण्याची अट घालावी.

कोठे द्यावे, यासाठी फार लांब पाहण्याची गरज नाही. इतिहासाचार्य वि. का. राजवाडे यांचे 1926 साली धुळ्यात निधन झाले आणि त्यांच्या स्मरणार्थ तेथेच उभे राहिलेले राजवाडे संशोधन मंडळ कागदपत्रांच्या जतनासाठीच ओळखले जाते. तेथे, तसेच जळगावच्या विद्यापीठाकडे यादीसह लेखी विचारणा करावी. संग्रह एकत्र आणि वडिलांच्या नावाने राहील काय, त्याची सूची होईल काय, अभ्यासकांना तो पाहता येईल काय, यांची उत्तरे कागदावर मिळाल्याशिवाय ट्रंका हलवू नयेत. फोटो एका संस्थेला आणि पत्रे दुसरीला, अशी वाटणी तर कदापि नको.

कॅसेटचे काम मात्र यादीसाठीही थांबवू नये. फीत वर्षागणिक खराब होत जाते आणि जुन्या टेपरेकॉर्डरवर लावून पाहताना ती अडकून तुटण्याचा धोका असतो, त्यामुळे ध्वनिमुद्रणाच्या जाणकाराकडून त्यांच्या डिजिटल प्रती आधी करून घ्याव्यात आणि मूळ कॅसेट त्यांच्या डब्यांवरील हस्ताक्षरासह तशाच जपून ठेवाव्यात.